ताई, चौकटीबाहेर कुत्रं होतं

ताई, तुझ्या फ्लेक्सवर सगळ्यांना गुलाब हवे होते.

आमच्या स्टुडिओच्या कम्प्युटरवर श्रद्धांजलीची एक तयार चौकट आहे, तू बघितलीयस. वर 'भावपूर्ण', खाली दोन समया आणि चारी बाजूंनी लालभडक गुलाब. वारूळवाडीत, नारायणगावात कुणीही गेलं की मी त्यात फोटो बसवते, नाव बदलते आणि प्रिंटला सोडते. चहा निवायच्या आत काम होतं. तुझ्या वेळी मात्र मी अख्खी सकाळ त्या गुलाबांकडे बघत बसले. कसले घाणेरडे गुलाब आहेत गं ते! पाकळी न् पाकळी एकाच लालात बुडवलेली. आत घडी नाही, सावली नाही, काही नाही. तू म्हणाली असतीस, "रंग फुटलाय, बारके, दूध फुटावं तसा." मग मी ते सगळे गुलाब उडवले आणि तू काढलेलं कांद्याचं फूल लावलं.

मामांनी फ्लेक्स उलगडला आणि कपाळाला हात लावला. "कांदा? आगं, मयताला कुनी कांदा लावतं व्हय?" आई म्हणाली, लोक हसतील. तुझ्या सासूनं मात्र डोळ्याला पदर लावून सांगितलं, "ऱ्हाऊ द्या. तिचंच हाय ते." दाजींनी तार घेतली आणि तुमच्या लोणीच्या चौकात स्वतः खांबावर चढून तो बांधला. अजून आहे तिथं. एस्टीतनं उतरलं की आधी कांदा दिसतो, मग तू.

हा सगळा उद्योग माझ्यामुळेच सुरू झाला म्हणा. स्टुडिओनं लग्नांसाठी नवा कॅमेरा घेतला, जुना कपाटात पडून होता, तो मी मागून घेऊन तुझ्याकडे आणला. तुझ्या स्वराचे फोटो काढायला म्हणून. तू स्वराचे दोन काढलेस आणि तिसरा भेंडीच्या फुलाचा. मग मी लेन्स उलटी बसवायची रिंग आणून दिली, आणि बाई जी सुटलीस ती सुटलीसच. लेन्स उलटी लावली की बारीक वस्तू मोठी दिसते, पण इतकं जवळ जावं लागतं की नाक पाकळीला टेकतं, आणि नीट दिसते ती केसाएवढीच पट्टी. जरा पुढे झालं की सगळा धूर. पहिल्या दिवशी तू वैतागलीस, कॅमेरा बांधावर ठेवून दिलास, मला चार शिव्या घातल्यास. दुसऱ्या खेपेला मी आले तर तुझं तूच शोधून काढलं होतंस, की हातानं काही फिरवायचं नाही, कमरेतनं सगळं अंग मागंपुढं न्यायचं. "मांडीवर पोर घिऊन डुलतो का न्हाई, तसं," म्हणालीस. आणि श्वास धरायचा. आपण दोघी श्वास धरून बसायचो, वारा पडायची वाट बघत, आणि स्वरा पण आपल्या शेजारी गाल फुगवून श्वास धरून बसायची. तिला वाटायचं तिनं सोडला तर फूल हलेल.

झेंडू, शेवंती तुला नको असायची. "त्या फुलांना लोकांनी बघायची सवय हाय, लई भाव खात्यात." तुला भाजीची फुलं हवी असायची. भेंडी, दोडका, मिरची, टोमॅटो. आता टोमॅटोचं फूल खाली मान घालून असतं, त्याचं तोंड बघायचं तर सरीत उताणं पडायला लागतं. तू नेसत्या साडीनिशी पडायचीस. रस्त्यानं जाणारे मोटरसायकली थांबवायचे, बाईला भोवळ आली म्हणून. एकदा एक जण पाण्याची बाटली घेऊन पळत आला, आणि तू खालनंच म्हणालीस, "पावणं, तुमची सावली पडतीय, जरा बाजूला व्हा की." मी हसून हसून मेले होते. आत्ता हे लिहिताना पण हसू आलं आणि मग लगेच रडू आलं, कारण असं मला आता कोण हसवणार?

आपलं खरं भांडण चौकटीवरनं होतं. मला स्टुडिओत शिकवलेलं, फूल पूर्ण घ्यायचं, जरा एका अंगाला ठेवायचं, आणि ज्या बाजूला त्याचं तोंड असेल त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. नवरीला उभी करतात तसं. तू कधीच सोडली नाहीस. पाकळ्यांची टोकं चारी कडांनी छाटून टाकायचीस. भेंडीच्या फुलाचा नुसता घसा, तो काळपट जांभळा, आणि त्याच्याभोवती पिवळ्याच्या नसा, बस्स. कुणाला ओळखू पण यायचं नाही हे फूल आहे म्हणून.

"आगं, गुदमरतंय ते," मी म्हणायचे.

"फूल कशाला गुदमरतंय? बघनारा गुदमरतो. त्याला पळायला वाट ठिवायची न्हाई. वाट ठिवली की 'छान हाय' म्हंतो आन् फुडं जातो."

"म्हनून काय मान धरून बसवायचं त्याला?"

"व्हय. बसू दे की घटकाभर. कुनाचं काय जातंय?"

आणि मी चिडून म्हणायचे की तुझ्या फोटोत हवा नाही, आणि तू म्हणायचीस की माझ्या फोटोत हवाच हवा आहे, फूल कुठंय? यावर आपण बांधावर बसून भाकरी खाता खाता भांडलोय, फोनवर भांडलोय, तुझ्या नणंदेच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत भांडलोय. मिटलं कधीच नाही. तुझं खरं होतं असं अजूनही मी म्हणणार नाही. पण कांद्याच्या फुलापुढे मी गप्प बसायचे, हे तुला माहीत होतं. बियाण्याच्या कांद्याला गोंडे येतात ते लांबून नुसते पांढरे चेंडू दिसतात. तू आत घुसलीस आणि त्या गोंड्यातलं एकच बारकं फूल काढलंस. सहा पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या मधनं वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. आपण जन्मभर कांद्यात वाढलो, गं. ती रेघ मी कधी पाहिली नव्हती.

रंगावरनं पण कमी भांडलो नाही. मी तुझा फोटो कम्प्युटरवर घेतला की सवयीनं रंग चढवायचे. पिवळ्याला जरा पेटवायचे, मागचं हिरवं गडद करायचे. तू एकदा स्टुडिओत आली होतीस बाजारच्या दिवशी, पिशवी हातातच, आणि पडद्यावर तुझंच दोडक्याचं फूल बघून ओळखलं नाहीस. ओळखल्यावर मात्र सगळ्यांसमोर माझी काढलीस. "नवरीला गोरी करतीस तसं माझं फूल गोरं करू नगंस. हाय त्याला त्याचा रंग." तुला एका रंगात तोच रंग हवा असायचा. पिवळ्यासमोर पिवळंच. मी म्हणायचे, अगं, लाल असलं की मागे हिरवं पाहिजे, पिवळं असलं की जांभळं, मग ते उठून दिसतं. "उठून कशाला दिसाया पायजे? बसलेलं दिसू दे की." पिवळ्यावर पिवळं ठेवलं की कळतं, म्हणायचीस, की त्या एका पिवळ्यात किती पिवळे आहेत ते. दोडक्याच्या पाकळीला कडेला लिंबाचा पिवळा आणि मुळाशी हळदीचा. ते खरंच होतं, आणि मी माझ्या हातानं ते सगळं एकच करून टाकायचे.

फक्त भोपळ्याच्या फुलाला तुला मागं काळं हवं झालं. आणि काळं म्हणजे काय, तर सासऱ्यांची घोंगडी! त्यांच्या वडलांनी मेंढरांमागं हिंडताना पांघरलेली, तुमच्या घरात तिच्यावर कुणी पाय देत नाही, आणि तू ती सरळ काठीवर टांगून पुढं भोपळ्याचा वेल ओढलास. सासरे आले. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "लोकरीचं केस लागल्यात फुलाला. झाडून घ्यायची न्हाई का आधी?"

आणि तो पंप आठवतोय ना? दंव पडून गेलं होतं, ऊन आलं होतं, आणि तुला भेंडीच्या फुलावर थेंब पाहिजेच होते. फवारणीचा पंप घेतलास, पाणी भरलंस आणि अख्ख्या ओळीवर दंव पाडलंस. फोटो झकास आले. पण पंपात आदल्या दिवशीचं तणनाशक राहिलेलं होतं. चार दिवसांत ओळ वाकडी झाली, पानं गोळा झाली, गेली ती गेलीच. सासू तीन गावं ऐकतील अशी ओरडली, कॅमेरा उचलून पेटीत टाकला, कुलूप लावलं. दाजी संध्याकाळी रानातनं आले, ती ओळ बघून आलेले होते. मला वाटलं आता हे पण बोलणार. त्यांनी तुला विचारलं, "फोटू तरी बरं आल्यात का?" आणि पेटीची चावी त्यांच्या आईकडनं मागून घेतली.

ताई, हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

मग तू आजारी पडलीस आणि गेलीस. त्यातलं मी तुला काय सांगायचं? तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

मला सांगायचंय ते दहाव्याचं. ओढ्याच्या काठाला पिंड ठेवला. सगळे लांब झाले. बाभळीवर कावळे भरपूर होते, पण एक खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग नेहमीसारखं सुरू झालं, एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि तुला शब्द द्यायचा. दाजी म्हणाले, "स्वराला शिकवीन, कितीबी लांब जाऊ दे." कावळा नाही. तुझी सासू म्हणाली, "तुला लई बोलले बाय, माफी दे." नाही. आई नुसतीच रडली. मला पुढं ढकललं, मी मनात म्हटलं, ताई, तुझी चौकट बरोबर होती, बास? तरी नाही. आणि मग मामा पुढं झाले, चांगली चार पावलं पुढं, आणि मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या पोरीला सावत्र आई यायची न्हाई. तुझी धाकटीच तिची आई हुईल. मी शब्द देतो!"

आणि कावळा शिवला.

बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. "आगं, जीव अडकला व्हता तिचा!" कुणीतरी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मला कुणी विचारलं नव्हतं. मामांनी मला विचारलं नव्हतं, दाजींना तर नाहीच नाही, त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी बघितला.

पण ताई, मी आणखी एक बघितलं. बाभळीच्या बुडाशी एक तांबडं कुत्रं पसरलं होतं, पहिल्यापासून. कावळे त्याच्याकडं बघत होते, पिंडाकडं नाही. मामा तावातावानं पुढं आले तसं ते उठलं, आणि ओढ्यापलीकडं निघून गेलं. मगच कावळा उतरला. एवढी माणसं होती, एकानंही ते कुत्रं बघितलं नाही. सगळ्यांनी तुझ्यासारखी चौकट धरली होती, नुसता पिंड आणि कावळा, बाकी सगळं छाटून बाहेर. आणि मी म्हणायचे ना, जरा जागा सोड, कडेला पण काहीतरी असतं? ते असं असतं.

तुझ्यावर मी चिडलेय. खरं सांगते, फार चिडलेय. रात्रंदिवस एकच विचारते, की तूच होतीस का? तुला खरंच हे हवं होतं? कुत्रं होतं हे मला दिसलं, तरी मनातला एक कोपरा म्हणतो, असेल, हवं असेल तुला. स्वरासाठी आई काहीही मागेल. आणि मग मला श्वास घेता येत नाही.

आईनं तुझे ब्लाउज उसवायला घेतलेत. तू माझ्याहून बारीक, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडतेय. माझ्यासमोर बसून, चष्मा लावून, रडत रडत उसवते आणि म्हणते, "कापड चांगलं हाय, तुझ्या अंगाला शोभंल." तिची एक लेक गेली, तिला कसं म्हणू की हात थांबव? स्टुडिओत सांगून ठेवायला सांगितलंय, की पुढं मी येणार नाही. वारूळवाडीतल्या बायका रस्त्यात थांबवतात आणि म्हणतात, पुण्य लागंल बाई तुला. मला दुसरं कोण आवडतं असंही नाही, असतं तर त्याच्यासाठी तरी भांडले असते. मला फक्त तुझ्या चुलीपुढं, तुझ्या गादीवर, तुझ्या नवऱ्याशेजारी जायचं नाही. दाजींना मी राखी बांधत आले. एवढं साधं आहे, आणि हे कुणाला सांगायला गेलं की ते म्हणतात, "हळूहळू हुतंय सवयीचं."

मधे लोणीला गेले होते तेव्हा कॅमेरा घेऊन कांद्यात शिरले. गोंडे अजून पांढरे आहेत, मधमाश्या घोंगावताहेत. म्हटलं, माझ्या पद्धतीनं काढू, लांबून, मोकळं. जमेना. मी मागं सरकले की हात आपोआप पुढं जायचा. जो काढला तो तुझाच निघाला, चारी कडा भरलेल्या, आणि मी तिथंच खाली बसून ढसाढसा रडले. पुढचं पाऊल पण तुझं, मागचं पण तुझंच. स्वरा शेजारी येऊन बसली होती. ती नुसती गाल फुगवून श्वास धरून बसली.

काल सगळे आपल्या घरी आले होते. मामा खुर्चीत, आई दाराशी, दाजी भिंतीला टेकून खाली बसलेले, मान गुडघ्यात. स्वरा माझ्या मांडीवर. मामा तारखेचं बोलायला लागले. वर्षाच्या आत करायचं तर लवकर केलेलं बरं म्हणाले. मी मनाशी ठरवून ठेवलेलं होतं, बोलले, "मामा, कावळा कुत्र्यामुळं बसत नव्हता. तुमी फुडं गेलात, कुत्रं उठलं, म्हणून आला."

मामा शांतपणे म्हणाले, "आन् कुत्रं कुनी उठवलं? तिनंच की."

आई म्हणाली, "बघ." मला वाटलं, झालं, आता माझ्याकडं काही राहिलं नाही. खोली एवढीशी झाली. मामा माझ्याकडं बघून अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, जुनी मानसं उगंच न्हाई म्हनून गेली. माय मरो, मावशी जगो."

तेव्हा स्वरानं माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडं वळवलं. "मावशी, तू माझी आई झाल्यावर मग मावशी कुठं जानार?"

मामा हसले. "आगं येडे, मावशीच तर आई होनार."

"हां, पन मावशी?" ती म्हणाली. "सुट्टीला मी कुनाकडं जायचं मग?"

आईच्या हातातला ब्लाउज खाली गेला. मामांनी खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला. दाजींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाले, "पोरगी विचारतीय. सांगा की कुनीतरी."

ताई, तिची आई एकदा गेलेली आहे, आता मावशी पण जायला नको. मी तिला घट्ट धरलं आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघत सांगितलं, "मावशी कुठं न्हाई जात. मावशी मावशीच ऱ्हानार."